टाऊनहाऊस म्हणजे नेमकं काय? शब्द, भिंत आणि खालची जमीन

शिरूर किंवा दौंड परिसरात घर शोधायला निघालात की एकाच प्रकारच्या घराला चार नावं ऐकायला मिळतात. शेजारी म्हणतो ‘रो हाऊस’. एजंट म्हणतो ‘रो-बंगलो’. माहितीपत्रकावर ‘व्हिला’ असतं. परदेशात राहणारा भाऊ फोनवर म्हणतो, “अरे, म्हणजे टाऊनहाऊसच की!”

यातलं बरोबर कोणतं? आणि नाव बदललं की घर बदलतं का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण यातल्या एकाही शब्दावरून आपण जमीन विकत घेतोय की फक्त बांधकाम, हे कळत नाही. आधी शब्दाचा अर्थ पाहू, मग त्यामागचा व्यवहार.

टाऊनहाऊस म्हणजे काय?

आज जगात बहुतेक ठिकाणी टाऊनहाऊस म्हणजे ओळीत बांधलेलं, शेजारच्या घराशी भिंतीने जोडलेलं, दोन किंवा अधिक मजल्यांचं घर. त्याला रस्त्यावरून थेट उघडणारं स्वतःचं दार असतं. वर किंवा खाली दुसरं कुटुंब राहत नाही. म्हणजे फ्लॅटसारखे वर-खाली शेजारी नाहीत आणि बंगल्यासारखी चारही बाजूंनी मोकळी जागाही नाही. पुढे थोडं अंगण किंवा गाडीची जागा, मागे थोडी मोकळी जागा आणि डाव्या-उजव्या बाजूला शेजाऱ्याची भिंत, असा हा आराखडा.

महाराष्ट्रात याच घराला आपण रो हाऊस म्हणतो. बांधकामाच्या नियमांतही ‘रो हाऊसिंग’ हाच शब्द आहे आणि त्याची ओळख अशीच आहे: पुढे, मागे आणि आतमध्ये मोकळी जागा असलेली घरांची ओळ. टोकाच्या घराला तेवढी एक बाजू मोकळी मिळते. टाऊनहाऊस हा आपल्याकडे मुख्यतः जाहिरातीतला शब्द आहे. सातबारा, मिळकत पत्रिका किंवा बांधकाम परवान्यात तो सहसा सापडत नाही.

मुळात हा शब्द श्रीमंतांचा

गंमत म्हणजे सुरुवातीला टाऊनहाऊसचा सामाईक भिंतीशी काही संबंध नव्हता. इंग्लंडमधल्या सरदार-उमरावांची खरी घरं गावाकडे, त्यांच्या जमीनजुमल्यावर असत. संसदेचं कामकाज आणि मेजवान्यांचा हंगाम सुरू झाला की ही मंडळी लंडनला येत. तिथल्या मुक्कामासाठी बांधलेलं घर म्हणजे टाऊनहाऊस, शब्दशः ‘शहरातलं घर’. प्रिन्सेस डायना ज्या स्पेन्सर घराण्यातल्या, त्या घराण्याचं गावाकडचं घर ऑल्थॉर्प आणि लंडनमधलं घर स्पेन्सर हाऊस. अठराव्या शतकात बांधलेलं हे स्पेन्सर हाऊस चांगला महाल आहे, तरी त्या जुन्या अर्थाने ते टाऊनहाऊसच.

पण असा महाल सगळ्यांना कुठून परवडणार? शहरात रस्त्याकडची जागा महाग. म्हणून घरं अरुंद तोंडाची, खोल आणि उंच होत गेली, एकमेकांना चिकटून उभी राहिली. १६६६ च्या मोठ्या आगीत लंडन जळालं. त्यानंतरच्या कायद्याने तिथे लाकडाऐवजी विटा-दगडांची घरं सक्तीची झाली. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी तिथे उभ्या राहिल्या. त्यांनाही टाऊनहाऊस म्हणू लागले. मालकाच्या ऐपतीवरून पडलेलं नाव हळूहळू घराच्या आकाराचं झालं.

अमेरिका-कॅनडात तर आता आकाराचाच अर्थ उरला आहे. न्यू जर्सी किंवा टोरांटोकडचे मराठी नातेवाईक “टाऊनहाऊस घेतलं” म्हणतात, तेव्हा ते जोडघराबद्दल बोलत असतात. शहराबाहेर, हमरस्त्याच्या कडेला असलं तरी ते टाऊनहाऊसच. स्कॉटलंडमध्ये मात्र हाच शब्द नगरपालिकेच्या इमारतीसाठीही वापरतात. अ‍ॅबरडीनचं टाऊन हाऊस म्हणजे तिथल्या नगर परिषदेची इमारत. आपल्याकडे ओयो कंपनीने आपल्या काही हॉटेलांना हेच नाव दिलं. म्हणजे शब्द एक आणि अर्थ चार.

आपल्याकडे हे सगळं होतंच

सरदाराचं गावाकडे एक घर आणि शहरात एक, ही पद्धत मराठी मुलखाला नवी नाही. नाना फडणवीसांचा वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी वाडा आहे आणि पुण्यात शनिवारवाड्याजवळ १७८० साली बांधलेला नाना वाडा आहे. वाईच्या रास्त्यांचा पुण्यात वाडा होता, त्यांच्या नावाने रास्ता पेठ वसली. सासवडच्या पुरंदऱ्यांचाही पुण्यात कसब्यात वाडा होता. पेशव्यांच्या दरबारी कामासाठी पुण्यात घर लागायचंच. जुन्या इंग्रजी अर्थाने हे वाडे म्हणजे टाऊनहाऊसच, फक्त रचना आपली: मध्ये चौक, भोवती सोपे, आत माजघर.

दुसऱ्या अर्थाचं, म्हणजे भिंतीला भिंत लागलेलं घर तर आपल्या प्रत्येक जुन्या बाजारपेठेत आहे. शिरूरला, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या घोडनदीला, किंवा दौंडला जुन्या पेठेतून चालत जा. अरुंद दर्शनी भाग, खाली दुकान, वर राहणं, मागे परस, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. व्यापाऱ्याला रस्त्याकडचं तोंड हवं असतं आणि तेवढीच जागा सगळ्यात महाग असते. लंडनच्या व्यापाऱ्याने जे गणित मांडलं, तेच आपल्या पेठेतल्या दुकानदाराने मांडलं. कोणी कोणाची नक्कल केली नव्हती.

शिरूरमध्ये याच्या अगदी उलट प्रकारही आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कंपनी सरकारची छावणी होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला लढलेली कंपनीची तुकडी आदल्या रात्री याच छावणीतून निघाली होती. हिंदुस्थानभरच्या छावण्यांमध्ये साहेबाच्या राहण्याची रीत म्हणजे बंगला: मधोमध घर, भोवती व्हरांडा आणि चारही बाजूंना कंपाउंड. म्हणजे चहूबाजूंनी मोकळा तो बंगला आणि दोन्ही बाजूंनी जोडलेलं ते पेठेतलं घर. हे लक्षात घेतलं की ‘रो-बंगलो’ या शब्दातली विसंगती कळते. ओळीतलं घर बंगला होऊ शकत नाही. पण ‘बंगला’ म्हटलं की भाव चढतो, म्हणून शब्द टिकला.

दौंडला तिसरा प्रकार दिसतो. हे रेल्वेचं जंक्शन. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गावरून इथे मनमाडची लाइन फुटते. रेल्वेने आपल्या माणसांसाठी क्वार्टर बांधली, तीही जोडघरांच्या ओळींतच. बाहेरून पाहिलं तर आकार रो हाऊससारखाच. पण मालक रेल्वे, राहणारा नोकरीपुरता. आकार सारखा असूनही हक्क पूर्ण वेगळा असू शकतो, याचं इतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

जवळचे शब्द, वेगळे अर्थ

रो हाऊस: ओळीतलं जोडघर. मधल्या घराच्या दोन भिंती शेजाऱ्यांना लागून, टोकाच्या घराची एकच.

ट्विन बंगला: दोनच घरं, मध्ये एक सामाईक भिंत. प्रत्येकाला तीन बाजू मोकळ्या.

डुप्लेक्स: आतून जिना असलेलं दोन मजली घर. हे इमारतीतही असू शकतं, म्हणजे दोन मजल्यांचा फ्लॅट. डुप्लेक्स म्हटलं की जमीन मिळालीच, असं नाही.

व्हिला: या शब्दाला आपल्याकडे ठरलेला अर्थच नाही. स्वतंत्र बंगल्यालाही व्हिला म्हणतात आणि रो हाऊसलाही.

चाळ: ओळीतल्या खोल्या, मालक एक आणि भाडेकरू अनेक. रांजणगाव एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत कामगारांसाठी अशा खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. आकार ओळीचा असला तरी ते टाऊनहाऊस नव्हे.

इथे अशी घरं का वाढली?

शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहती आहेत. बाहेरून आलेल्या नोकरदाराला काही वर्षं भाड्याने काढल्यावर स्वतःचं घर हवं असतं. दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला जाणारेही खूप आहेत. पुण्यात जे बजेट छोट्या फ्लॅटमध्ये संपतं, त्यात इथे दोन मजली घर मिळेल, असं वाटणं साहजिक आहे. शिवाय गावाकडून आलेल्या माणसाला पायाखाली ‘आपली जमीन’ हवी असते. फ्लॅटपेक्षा रो हाऊस त्याला जवळचं वाटतं ते यामुळेच.

विकणाऱ्यालाही हा आकार सोयीचा. बाजूची मोकळी जागा सोडावी लागत नाही, त्यामुळे थोड्या जमिनीत जास्त घरं बसतात. लिफ्ट नको, मोठी इमारत नको. चार-सहा गुंठ्यांतही एक ओळ उभी राहते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. साधारण रो हाऊस एका गुंठ्याच्या आत-बाहेर बसतं.

नेमकी इथेच अडचण सुरू होते.

घर तुमचं, पण जमीन कोणाची?

दिसायला एकसारख्या रो हाऊसच्या मागे तीन वेगवेगळे व्यवहार असू शकतात.

पहिला प्रकार: जमीन बिनशेती झालेली आहे, लेआउट मंजूर आहे, प्रत्येक घराचा प्लॉट वेगळा मोजलेला आहे. खरेदीखतात प्लॉट आणि त्यावरचं घर, दोन्ही तुमच्या नावे होतात. हा सगळ्यात स्वच्छ प्रकार. पुढे विकायचं असो, कर्ज घ्यायचं असो, अडचण कमी.

दुसरा प्रकार: जमीन सगळ्यांची मिळून आहे. घर तुमचं, पण खालच्या जमिनीत न विभागलेला हिस्सा. फ्लॅटची जशी सोसायटी किंवा अपार्टमेंट असते तशीच ही व्यवस्था. यात चूक काही नाही. फक्त पुढचं अंगण ‘वापरायला’ तुमचं असतं, मालकीचं असेलच असं नाही. रस्ता, बोअरवेल, सांडपाण्याची टाकी सामाईक असते आणि देखभालीचा खर्च वाटून घ्यावा लागतो. अमेरिका-कॅनडातल्या बऱ्याच टाऊनहाऊसना दरमहा देखभाल वर्गणी असते, ती याच कारणाने.

तिसरा प्रकार: जमीन अजून शेतीचीच आहे. एका सातबाऱ्यावर आठ-दहा खरेदीदारांची नावं सामाईक चढवली आहेत आणि जागेवर ज्याने-त्याने आपल्या वाट्याचं घर ताब्यात घेतलंय. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे. २०२३ च्या अधिसूचनेनुसार शेतजमिनीचं किमान प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. एका गुंठ्याचा वेगळा सातबारा होत नाही, म्हणून सामाईक नावांचा हा मार्ग निघाला. शहरी आणि नियोजनाखालच्या भागांसाठी या नियमात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण त्या प्रत्येक गटाला आपोआप लागू होत नाहीत. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, यावरून नेमका कोणता तुकडा तुमचा हे सिद्ध होत नाही. एका सहहिस्सेदाराचा वाद कोर्टात गेला की सगळ्यांचे व्यवहार अडकू शकतात.

तिन्ही प्रकारच्या घरांना रंग तोच, गेट तेच, फलकावरचं नावही तेच असू शकतं.

जुन्या गावठाणात घर घेत असाल तर आणखी एक गोष्ट. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. शहराच्या सिटी सर्व्हे हद्दीत मिळकत पत्रिका असते. गावठाणांसाठी केंद्राची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. तीत ड्रोनने मोजणी होते. ड्रोन उडवण्याआधी मिळकतींच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखतात. वरून पाहिलं तर जोडघरांची छपरं एकमेकांत मिसळलेली दिसतात, मालकीची रेघ काही दिसत नाही.

मधली भिंत

रो हाऊसमधली भांडणं बहुतेक भिंतीवरून होतात. म्हणून घर पाहतानाच विचारावं की मधली भिंत एकच आहे की दोन घरांच्या दोन वेगळ्या भिंती आहेत?

एकच भिंत असेल तर ती दोघांची. तिच्यात कपाटासाठी खोल कोनाडा पाडणं, नळाची लाइन घालणं, ती तोडणं, हे एकट्याने ठरवता येत नाही. दोन घरांनी एकमेकांना दिलेला आधार हा हक्काचा विषय होऊ शकतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात उजेड आणि हवेसोबत इमारतीच्या आधाराचाही विचार केलेला आहे.

आजच्या आरसीसी बांधकामात भिंतीपेक्षा कॉलम महत्त्वाचे. सगळ्या ओळीचे कॉलम-बीम एकसंध ओतलेले असतील, तर तीस-चाळीस वर्षांनी आपलं एकट्याचं घर पाडून नव्याने बांधणं जवळजवळ अशक्य होतं. प्रत्येक घराची चौकट वेगळी असेल तर ते जमू शकतं. मंजूर नकाशात आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये हे दिसतं. वर मजला चढवायचा विचार असेल तर पाया किती मजल्यांचा धरलाय, हेही तिथेच कळतं. शेजाऱ्याने चढवला म्हणून आपण चढवला, असं करू नये. त्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि भार सामाईक चौकटीवर येतो.

खरेदीखतातली चतुःसीमा नीट वाचा. मधल्या घराच्या चतुःसीमेत दोन बाजूंना शेजारचे घर क्रमांक येतात. भिंत सामाईक असेल तर ‘सामाईक भिंत’ हे शब्द तिथे स्पष्ट असू द्या.

चौरस फुटांचं गणित

समजा प्लॉट २० फूट बाय ४५ फूट आहे, म्हणजे ९०० चौरस फूट. त्यावर तळमजला २० बाय ३०, म्हणजे ६०० चौरस फूट. दोन मजले मिळून बांधकाम १,२००. कडेच्या भिंती नऊ इंची धरून वगळल्या, तर आतलं क्षेत्र सुमारे १,०५० चौरस फूट उरतं. चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया ते हेच.

आता विकणाऱ्याने वरची गच्ची ६०० आणि पुढची-मागची मोकळी जागा ३०० यांची बेरीज केली, तर आकडा २,१०० होतो. घर तेच, आकडा दुप्पट. म्हणून तीन आकडे वेगवेगळे मागावेत: प्लॉट किती, बांधकाम किती, चटई क्षेत्र किती. दर विचारताना तो कोणत्या आकड्यावर लावलाय, हेही विचारावं. रेराच्या व्याख्येनुसार बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची चटई क्षेत्रात धरत नाहीत.

आठ घरांची मर्यादा

रेरा कायदा २०१६ चा. महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. या कायद्यानुसार जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांच्या जरा खाली.

छोट्या गावातली रो हाऊसची ओळ बऱ्याचदा याच मर्यादेत बसते: सहा घरं, नाहीतर आठ. त्यात बेकायदा काही नाही. पण मोठ्या प्रकल्पात महारेराच्या संकेतस्थळावर जी कागदपत्रं, मंजुऱ्या आणि ताब्याची तारीख पाहायला मिळते, ती इथे मिळणार नाही. जे काम नोंदणीने झालं असतं, ते खरेदीदाराला स्वतः करावं लागतं. घर जितकं छोट्या ओळीतलं, तितकी तपासणी जास्त. आणि ओळ आठपेक्षा मोठी, जमीनही मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर नोंदणी क्रमांक विचारायलाच हवा. एकाच गटात आठ-आठ घरांचे ‘वेगवेगळे’ प्रकल्प दाखवले असतील तर जास्तच सावध राहावं.

परवानगी कोणाची हेही जागेवर ठरतं. शिरूर आणि दौंड शहरांच्या हद्दीत नगर परिषद. या तालुक्यांतली काही गावं पीएमआरडीएच्या हद्दीत येतात, तिथे पीएमआरडीए. एमआयडीसीच्या क्षेत्रात एमआयडीसी. बाकी ठिकाणी महसूल आणि नगररचना विभागाकडे चौकशी करावी. रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गटाची हद्दच वेगळी असू शकते, म्हणून गट नंबर सांगूनच विचारावं.

बयाणा देण्याआधी मागायची कागदपत्रं

• ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि आधीच्या मालकांची साखळी दाखवणारे फेरफार.
• बिनशेती आदेश किंवा सनद, मंजूर लेआउट आणि बांधकाम परवाना. त्यावरचं घर आणि जागेवरचं घर जुळतंय का, ते पाहा.
• खरेदीखताचा मसुदा: त्यात प्लॉटचं क्षेत्र आहे की ‘अविभाज्य हिस्सा’ लिहिलाय?
• आतला रस्ता कोणाच्या नावावर आहे? तो मूळ मालकाच्याच नावावर राहिला असेल तर उद्या गेट बंद होऊ शकतं.
• पाण्याचं कनेक्शन, बोअरवेल आणि शोषखड्डा वेगळा की सामाईक?
• भोगवटा प्रमाणपत्र. ते नसेल तर का नाही?

एखादी राष्ट्रीयीकृत बँक या घरावर कर्ज देतेय का, हेही विचारून पाहावं. कर्ज घ्यायचं नसलं तरी बँकेचा वकील कागद तपासून ‘नाही’ म्हणाला, तर ते कारण ऐकण्यासारखं असतं.

थोडक्यात सांगायचं तर टाऊनहाऊस हे घराच्या आकाराचं नाव आहे, हक्काचं नाही. लंडनच्या उमरावाचं, पेठेतल्या व्यापाऱ्याचं, दौंडच्या रेल्वे कर्मचाऱ्याचं आणि रांजणगावच्या नोकरदाराचं घर एका शब्दात बसू शकतं. एका सातबाऱ्यात मात्र ती चार घरं चार प्रकारांनी लिहिली जातील. फलकावर काहीही लिहिलेलं असो, पैसे देण्याआधी खालची जमीन कोणाच्या नावावर आहे ते कागदावर पाहून घ्या.